टाउनी : नवीन प्लेअर सगळे एकाच टाउनात कसे काय जातात? भरतीच्या नियमांवर बोलूया

अर्धवट_बांधकाम

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. मी आपल्या माइनक्राफ्ट सर्व्हरवरच्या खडकवाडी टाउनचा मेयर, त्यामुळे हा स्वतःच्या टाउनसाठी बोलतोय असं कुणी म्हणणार असेल तर हो, बोलतोय. पण फक्त स्वतःसाठी नाही.

प्रकार असा की सर्व्हरवर नवा माणूस येतो, स्पॉनवर (नवे लोक उतरतात त्या जागेवर) उभा राहतो, अजून त्याला चेस्ट उघडायची कशी हेसुद्धा धड कळलेलं नसतं, तोवर चॅटमध्ये नवी द्वारका या टाउनचं इन्व्हाइट येऊन पडतं. मग त्यांचा एखादा असिस्टंट उडत येतो, डायमंडचा सेट समोर टाकतो, वर एक वापरलेली एलिट्रा (उडायचे पंख) देतो आणि टीपी म्हणजे टेलिपोर्ट करून घेऊन जातो. विषय संपला. आम्ही बाकीचे 'वेलकम भावा' टाइप करेपर्यंत त्याच्या नावापुढे द्वारकेचा टॅग लागलेला असतो.

द्वारकावाल्यांनी नियम मोडला असं मी म्हणत नाहीये, कारण नियमच नाहीये. मुळात टाउनीचं, म्हणजे टाउन आणि त्यांची जमीन सांभाळणाऱ्या प्लगइनचं, गणितच असं आहे. आपल्या सर्व्हरवर टाउन ब्लॉक रेशो डीफॉल्ट ठेवलाय, म्हणजे एका रेसिडेंटमागे ८ चंक. ५ जणांच्या टाउनला ४०, ४० जणांच्या टाउनला ३२०. चंक म्हणजे १६ बाय १६ ब्लॉकचा जमिनीचा तुकडा. ४० चंकांत तटबंदी, शेती, एक आयर्न फार्म आणि व्हिलेजरांचा ट्रेडिंग हॉल केला की जागा संपते, मग नव्या माणसाला प्लॉट द्यायचा तर कुणाचा तरी ऊस उपटावा लागतो. म्हणजे माणसं नाहीत म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून माणसं नाहीत. आणि आलेला माणूस पुढे खेळतो की नाही याच्याशी टाउनीला काही घेणंदेणं नाही. यादीत नाव लागलं की ८ चंक पक्के, मग तो पोरगा दुसऱ्या दिवशी परत फ्री फायर खेळायला का जाईना.

त्यात अजून, /टी लिस्ट मारलं की टाउनांची यादी रेसिडेंटच्या संख्येनुसार येते. नवा माणूस पहिलं पान बघतो, दुसरं कोण उघडतंय. आणि महिन्याच्या शेवटी सर्वात मोठ्या टाउनला सर्व्हर चालवणारे अण्णा स्वतः बक्षीस देतात! ज्याच्याकडे आहे त्यालाच अजून.

माझं म्हणणं एवढंच की भरतीला काहीतरी नियम लावा. काय लावायचे ते इथे ठरवू. द्वारकावाल्यांनीही यावं, भांडायला नाही, बोलायला.

नेदरमधला_नाना

+१
एलिट्रा मिळत असेल तर मीपण परत नवीन होतो. नाव बदलून येऊ का?

द्वारकेचा_धनी

आलो. हा धागा निघणार हे माहीतच होतं, उशीरच झाला म्हणायचा.

अर्धवटभाऊ, तुम्हाला इन्व्हाइट दिसतं, त्यामागची हमाली दिसत नाही. आमच्याकडे दोन-तीन पोरं अशी आहेत की ती स्वतःचं बांधकाम सोडून नवीन माणसाला घर बांधून देणं, जॉब्ज कसे घ्यायचे, मेंडिंगचं पुस्तक कुठल्या व्हिलेजरकडे मिळतं, हे सगळं रोज रात्री शिकवत बसतात. हे कुणी सांगितलं म्हणून नाही, त्यांना आवडतं म्हणून. आता ते बंद करा असं म्हणायचं का? उद्या आम्ही स्पॉनवर येणं थांबवलं तर निम्मी पोरं पहिल्याच रात्री झॉम्बीकडून मार खाऊन अनइन्स्टॉल करतील, मग वाटा त्यांना सगळ्या टाउनात समान.

आणि अपकीप? जेवढी जमीन तेवढा रोजचा खर्च, कारण आपल्याकडे अपकीप प्लॉटच्या संख्येवर लागतो. ३०० च्या वर चंक सांभाळायला टाउन बँकेत काय भरावं लागतं ते एकदा बघून जा. फुकट नाहीये काही.

चर्चेला तयार आहे. पण मोठं झालो म्हणून शिक्षा असेल तर नाही.

मिठभाकर

सोप्पंय. आयपीएलसारखा ऑक्शन करा. दर शनिवारी रात्री त्या आठवड्याचे नवीन प्लेअर स्टेजवर, टाउन बोली लावणार, अण्णा हातोडा मारणार. मजा येईल राव, डिस्कॉर्डवर लाइव्ह करू.

रेडस्टोन_रावसाहेब

मिठभाकर, मजा येईल खरी, पण ज्याच्यावर कुणीच बोली लावली नाही त्या पोराचं काय? पहिल्या आठवड्यात 'अनसोल्ड' म्हणून हिणवलं गेलेलं पोरगं परत लॉगइन करेल? आणि बोली लागणार कशावर, त्याची बॅट तर कुणी पाहिलेली नाही. नवीन माणूस म्हणजे स्टॅट्स शून्य.

पण आयपीएलचं नाव काढलंस ते बरं केलंस. २००८ च्या पहिल्या लिलावात तोल राहिला तो लिलावामुळे नाही, पर्समुळे. प्रत्येक टीमला ५० लाख डॉलरची मर्यादा. चेन्नईने धोनीवर १५ लाख घातले म्हणजे ३० टक्के पर्स एका माणसावर गेली, उरलेल्यात बाकी टीम बसवायची होती. सचिन, गांगुली, द्रविड, युवराज, सेहवाग हे आयकॉन आपापल्या शहराकडे राहिले, लिलावात उतरलेच नाहीत, पण तेही फुकट नव्हते, टीममधल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे असा नियम होता. म्हणजे एक घेतला की दुसरा सोडावा लागतो.

आपल्याकडे इन्व्हाइट टाकायला काय सोडावं लागतं? काहीच नाही. टाउनीच्या डीफॉल्टमध्ये एक टाउन एका वेळी ३५ प्लेअरना इन्व्हाइट पाठवून ठेवू शकतं. ३५! आपल्या सर्व्हरवर एवढे नवीन लोक एका वेळी कधी असतात तरी का. म्हणून मग जो जास्त वेळ ऑनलाइन बसतो तो जिंकतो, चांगलं टाउन कुणाचं हा प्रश्नच येत नाही.

ते कॉन्फिगबद्दल सविस्तर लिहितो, जेवून येतो.

मिठभाकर

बरं मग ऑक्शन नको, पण हातोडा तरी आणा.

.पॉकेटपक्या

मी लिहू का? मी नवीनच आहे म्हणजे तसा आता नवीन नाही. मी मोबाईलवरून खेळतो गीझरमधून (मोबाईलवाल्यांना या सर्व्हरवर आणणारं प्लगइन) म्हणून नावापुढे टिंब येतं, सगळे विचारतात म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी आलो ना पहिल्या दिवशी तेव्हा चॅटमध्ये एवढं काय काय येत होतं की वाचेपर्यंत वर जात होतं, मोबाईलवर चॅटचा डबा छोटासा असतो आणि आपण चालत असलो की दोन ओळी दिसतात फक्त. इन्व्हाइट आलेत असं कोणीतरी म्हणालं, जावावाल्यांना म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना तिथे हिरवं बटण असतं त्यावर क्लिक करता येतं पण बेडरॉकवर म्हणजे मोबाईलच्या गेममध्ये चॅटमध्ये क्लिकच होत नाही, सगळं टाइप करावं लागतं. मग एक दादा म्हणाला मी सांगतो ते टाइप कर, मी केलं, आणि मी टाउनात. कुठलं टाउन, त्याचा मेयर कोण, टॅक्स किती काही माहीत नव्हतं. दादा चांगला होता तसा, घर पण दिलं.

नंतर कळलं माझ्या वर्गातला मित्र टेकडी खुर्दला आहे. मला तिकडे जायचं होतं पण सोडायचं कसं ते माहीत नव्हतं आणि विचारायला लाज वाटत होती कारण त्यांनी एलिट्रा दिली होती ना. शेवटी सोडलं, एलिट्रा परत दिली. म्हणजे त्यांनी मागितलीच.

मला कोणी आधी सांगितलं असतं की घाई नाही, आधी फिर, सगळी टाउन बघ, तर मी आधी मित्राला शोधलं असतं. एवढंच.

नेदरमधला_नाना

धाग्यातला सगळ्यात शहाणा प्रतिसाद एका नववीतल्या पोराचा, वा.

.पॉकेटपक्या

आठवी

क्रीपरची_मावशी

पक्या, छान लिहिलंस रे.

आता जरा कडू बोलते. माझी लेक आणि मी दोघी खेळतो, लेकीला टाउन निवडायचं होतं तेव्हा आम्ही खरोखर सगळीकडे चालत गेलो होतो, डायनमॅप (सर्व्हरचा नकाशा) उघडून एकेक करत. अर्धवट, तुमच्या खडकवाडीला पण आलो होतो. वेशीला लोखंडी दार, बाहेर बटण नाही. कसंबसं आत शिरलो तर एकही प्लॉट विकायला लावलेला नाही, एक पाटी नाही, टाउन बोर्डवर अजून 'लवकरच काहीतरी लिहू' असंच आहे. /टी स्पॉन बाहेरच्यांना बंद. तुम्ही म्हणाल जागा नाही. जागा नसते हे मान्य, पण पाटी लावायला चंक लागत नाही.

छोट्या टाउनांना माणसं हवी असतात पण शेजारी नको असतात. मित्रामित्रांचा ग्रुप असतो, आपसात बोलणार, नवा माणूस आला की तो त्यांच्या आतल्या जोक्समध्ये पाहुण्यासारखा बसून राहणार. आठ दिवसांत कंटाळून जाणार. मग द्वारकेने पळवला म्हणायचं. सगळेच पळवलेले नसतात, काही पळून गेलेले असतात.

धनीभाऊ, तुम्ही हसू नका. तुमच्या टाउनात उत्तरेकडची ती अख्खी गल्ली आहे ना, एकसारखी ओक लाकडाची घरं, त्यात कुणी राहत नाही. दारात जाळी लागली असती खऱ्या गावात. ती पोरं एकदा आली, घर मिळालं, परत आली नाहीत. शिकवता म्हणता ते खरं, माझ्या लेकीलाही तुमच्या पोरांनीच बीकन लावायला शिकवलं. पण शिकवायला टाउनात घ्यावंच लागतं असं कुठंय? स्पॉनवर शिकवा की.

माझी सूचना : आल्या आल्या कुणालाच कुठल्याच टाउनात घेता येऊ नये. अण्णांनी स्पॉनजवळ एक धर्मशाळा काढावी. नवीन माणूस तिथे उतरेल, चार दिवस राहील, फिरेल, मग ठरवेल.

टेकडीखुर्दचा_पाटील

धर्मशाळेला +१००. पक्याला आमच्याकडे यायला एवढं सोसावं लागलं हे आत्ता कळलं.

रेडस्टोन_रावसाहेब

जेवण झालं. मावशींची धर्मशाळा टाउनीमध्ये वेगळं प्लगइन न टाकता होते. कॉन्फिगमध्ये डीफॉल्ट टाउनचं नाव द्यायची सोय आहे, नवीन माणूस पहिल्यांदा आला की आपोआप त्या टाउनचा रेसिडेंट होतो. मेयर म्हणून एनपीसी (खऱ्या माणसाऐवजी नुसतं नावाचं पात्र) बसवायचा, म्हणजे कुणा माणसाच्या हातात सत्ता नाही. आणि टाउनात असलेल्या माणसाला दुसरं टाउन घेऊ शकत नाही, त्याने आधी स्वतः सोडायला हवं. म्हणजे निर्णय त्याचा झाला.

आता बाकीचं. डोकं शांत ठेवून वाचा, यातलं प्रत्येक कुणाला ना कुणाला टोचणार आहे.

पहिली गोष्ट, इन्व्हाइट कुठून टाकायचं. टाउनीमध्ये एक सेटिंग आहे, प्लेअर टाउनच्या स्पॉनपासून ठराविक अंतराच्या आत असेल तरच त्याला इन्व्हाइट देता येतं. डीफॉल्टला ते बंद असतं. ते चालू केलं की सर्व्हर स्पॉनवर उभं राहून जाळं टाकणं संपलं, माणूस तुमच्या गावात यायला हवा, त्याने गाव बघायला हवं, मग काय ते विचारा. माझ्या मते सगळ्या चर्चेत कामाचं सेटिंग हे एकच आहे, बाकी ठिगळं. सोबत ते ३५ खाली आणून ३ करा, म्हणजे मेयरला विचार करावा लागेल की कुणाला बोलवायचं.

पण एक पळवाट आहे, ओपन टाउन. टाउन ओपन ठेवलं की इन्व्हाइटच लागत नाही, नवीन माणूस /टी जॉइन मारून थेट आत. द्वारका ओपन आहे. ओपन करायची परमिशन लकपर्म्समधून (परवानग्यांचं प्लगइन) मेयरकडून काढून घेता येते. नाहीतर ठराविक संख्येच्या खालीच ओपन ठेवायची मुभा द्या, ते मात्र अण्णांना हाताने बघावं लागेल.

अर्धवटने /टी लिस्टचं लिहिलंय. ती दुसऱ्या क्रमाने पण लावता येते, नावाने, ऑनलाइन किती त्यावरून, फक्त ओपन टाउनांची. नवीन माणसाला हे माहीत नसतं, स्पॉनवरच्या पाटीवर लिहा. फुकटचं काम आहे.

आता कमाल मर्यादा. टाउनात जास्तीत जास्त किती रेसिडेंट हे टाउनीमध्ये एका ओळीत ठरवता येतं आणि कुणीतरी ते सुचवणारच म्हणून आधीच सांगतो, नका करू. मागच्या मॅपवर हे केलं होतं, काय झालं ते पाटलांना विचारा.

टेकडीखुर्दचा_पाटील

काय होणार, टेकडीचं टेकडी बुद्रुक आणि टेकडी खुर्द झालं. मर्यादा आली त्या रात्रीच. तटबंदी एक, नेशन (टाउनांची युती) एक, आयर्न फार्म एक, फक्त मधून एक रस्ता काढला आणि बुद्रुकच्या मेयरने खुर्दचा मेयर म्हणून स्वतःचं दुसरं अकाउंट बसवलं. पुढे तो खेळायचा बंद झाला म्हणून मी पाटील झालो, नाहीतर मला कोण विचारत होतं.

द्वारकेचा_धनी

रावसाहेब, अंतराचं सेटिंग मला मान्य आहे. खरंच मान्य आहे, टोमणा नाही. लोक आमचं गाव बघून येणार असतील तर उलट चांगलं, बघण्यासारखं आहे.

मावशी, ती गल्ली लागली जरा. पण खोटं नाहीये.

ओपनचं मान्य नाही. मी झोपलेलो असतो, असिस्टंट कॉलेजात असतात, दुपारी आलेल्या माणसाला कोण घेणार मग? दार उघडं असण्यात काय पाप आहे.

समुद्रापलीकडचा

दुपारवरून आठवलं. मी न्यू जर्सीला असतो, माझी संध्याकाळ म्हणजे तुमची पहाट. आमचं टाउन चारच जणांचं, सगळे इकडचेच. तुमच्याकडे रात्री ९ ते १२ मध्ये नवीन लोक येतात तेव्हा इथे सकाळची दुपार होत असते, ऑफिसची मीटिंग चालू असते. आम्हाला आजवर कधी एकही नवीन माणूस स्पॉनवर दिसलेला नाही, म्हणजे शब्दशः नाही. त्यामुळे 'जास्त मेहनत करा' हा सल्ला आम्हाला कितीही दिला तरी उपयोग नाही. धर्मशाळेत माणूस चार दिवस थांबणार असेल तर निदान आम्ही उठेपर्यंत तो तिथे असेल. धर्मशाळेत एक नोटिसबोर्ड द्या, प्रत्येक टाउनला एक पाटी, आणि पाट्यांचा क्रम टाउनीचा नवीन दिवस झाला, टॅक्स कापला गेला, की फिरवा. म्हणजे वरची जागा कायम एकाचीच नको.

मिठभाकर

पाटीवर चार ओळी मावतात आणि एका ओळीत मराठी किती बसतं माहितीये ना. 'या' एवढंच लिहिता येईल.

समुद्रापलीकडचा

मग लेक्टर्नवर (पुस्तक ठेवायचं स्टँड) पुस्तक ठेवू, प्रत्येक टाउनचं एक पान.

अर्धवट_बांधकाम

मावशींचा प्रतिसाद दोनदा वाचला. बटण लावलंय बाहेरून. पाटी उद्या.

पण मंडळी, मूळ मुद्दा राहिलाच. इन्व्हाइट कुठून टाकायचं ते ठरलं तरी ८ चंकांचं काय? जोवर एक नाव म्हणजे ८ चंक आहे तोवर प्रत्येकाला नावंच गोळा करावीशी वाटणार, मलाही वाटणार. धर्मशाळेच्या दारात चार दिवसांनी सगळे रांग लावून उभे राहतील इतकंच. जे खेळतच नाहीत त्यांचे चंक धरू नका.

रेडस्टोन_रावसाहेब

बरोबर. फक्त खेळणाऱ्यांचे चंक मोजा असं थेट सेटिंग टाउनीत नाही. जवळचं म्हणजे जुने रेसिडेंट आपोआप काढून टाकणं, ते डीफॉल्टला बंद असतं आणि चालू केलं तर मुदत ६० दिवसांची लिहिलेली आहे. ती ३० करा. माणूस गेला की त्याचे ८ चंक गेले. मेयरला स्वतःहून करायचं असेल तर /टी पर्ज आहेच, पण स्वतःच्या पायावर कोण मारून घेईल.

क्रीपरची_मावशी

३० नको!! फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं महिना-महिना फिरकत नाहीत, आयांनी फोन काढून घेतलेले असतात (मी पण घेते). परीक्षा देऊन आली आणि घर गेलेलं, बँकेतले पैसे गेलेले, तर रडतील खरंच.

द्वारकेचा_धनी

मावशींना +१. आणि दुसरं, खेळतोय की नाही हे लॉगइनवरून ठरवणार असाल तर मी आत्ताच सांगतो काय होईल. लोक दुसऱ्या अकाउंटने रोज एकदा आत येऊन बाहेर जातील. आपला सर्व्हर ऑनलाइन मोड बंद ठेवून चालतो, विकत न घेतलेलं अकाउंट पण चालतं, म्हणजे एक माणूस पाहिजे तेवढी नावं काढू शकतो. नावाला जमीन बांधली आहे तोवर हे होणारच. सांगतोय कारण आम्हाला सुचलं होतं. केलं नाही.

नेदरमधला_नाना

'केलं नाही' याची नोंद घेण्यात आली आहे.

रेडस्टोन_रावसाहेब

धनीने नेमकं बोट ठेवलं. मग नावावरची जमीनच कमी करा. रेशो ८ वरून ४ करायचा, आणि उरलेली जमीन विकत घ्यायची, /टी बाय बोनस आहेच टाउनीत, किती ब्लॉक विकत घेता येतील त्याला मर्यादा लावता येते. म्हणजे ५ जणांचं टाउन मेहनत करून कमावतं असेल तर त्याला वाढता येईल, आणि मेलेल्या नावाची किंमत निम्मी. भरतीची हाव त्याच प्रमाणात उतरेल.

द्वारकेचा_धनी

आणि आम्ही ३०० वरून १५० वर? अर्धं गाव पाडू का?

रेडस्टोन_रावसाहेब

नाही. मर्यादेच्या वर गेलेलं टाउन टाउनी स्वतःहून अनक्लेम करत नाही. आहे ते राहतं, नवीन क्लेम करता येत नाही एवढंच. दुसऱ्याने तुमच्या वाढीव जमिनीवर क्लेम करायचं एक वेगळं सेटिंग असतं, ते आपण चालू करायचं नाही म्हणजे झालं.

सर्व्हरवाले_अण्णा

सगळं वाचलं. ऑफिसातून लिहितोय त्यामुळे थोडक्यात.

सर्वात मोठ्या टाउनचं बक्षीस या महिन्यापासून बंद. ते मी सुरू केलं तेव्हा सर्व्हरवर टाउनच तीन होती, नंतर कुणी विचारलं नाही म्हणून चालू राहिलं. त्याऐवजी काय द्यायचं ते नंतर बघू, कदाचित काहीच नाही.

धर्मशाळा करतो. एनपीसी मेयर, आत छोटे प्लॉट, प्रत्येकी एक चेस्ट आणि भट्टी. टॅक्स शून्य. चार दिवस थांबलंच पाहिजे अशी सक्ती करणार नाही, ज्याचा मित्र आधीच एखाद्या टाउनात आहे त्याने पहिल्या मिनिटाला जावं, पक्यासारखं अडकू नये. फक्त सोडायची कमांड त्याने स्वतः टाइप करायची, आणि ती कमांड धर्मशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात असेल. कुणी नवीन माणसाला पहिल्या दहा मिनिटांत 'हे टाइप कर' म्हणून डीएम करताना दिसलं तर त्या टाउनची इन्व्हाइटची परमिशन आठवडाभर काढेन. चॅट लॉग माझ्याकडे असतो.

अंतराचं सेटिंग चालू करतोय, इन्व्हाइट ३. ओपन टाउन राहील, पण १० रेसिडेंटच्या खालीच. धनी, तुझं दार बंद होतंय, पण दुपारी आलेला माणूस धर्मशाळेत झोपेल, संध्याकाळी तुझ्या गावात चालत येईल. चालेल तुला.

रेशोचं लगेच नाही. पैशाने जमीन दिली तर ज्याच्याकडे मोठे फार्म आहेत तोच घेणार, आणि ते फार्म आज कुणाकडे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. आधी विक्रीची मर्यादा टाउनच्या आकाराप्रमाणे बसवता येते का ते टेस्ट सर्व्हरवर बघतो. नाही बसली तर ६ वर आणून थांबू.

जुने रेसिडेंट काढणं ६० दिवसांवर चालू करतो, फेब्रुवारी ते एप्रिल बंद. आयांनी निर्धास्त राहावं.

आणि एक, धाग्यात कुणी बोललं नाही पण मला मेसेज आलेत. नवीन माणसाला टाउनात येण्यासाठी मोबाईल रिचार्ज मारून देतो असं सांगणं चाललंय. कोण ते मी इथे लिहीत नाही. खऱ्या पैशाचा व्यवहार गेममध्ये आणायचा नाही, मी स्वतः सर्व्हरवर ताकदीच्या वस्तू विकत नाही, २०१४ पासून माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचा तो नियम आहे, आणि तुम्ही लहान पोरांना रिचार्जचं आमिष दाखवणार? पुढच्या वेळी बॅन.

मिठभाकर

रिचार्ज कुठे मिळतंय, विचारायचं राहूनच गेलं. (जोक होता अण्णा.)

टेकडीखुर्दचा_पाटील

अण्णा, एका नेशनमधल्या दोन टाउनांनी मिळून १०-१० च्या खाली राहून दोन्ही ओपन ठेवली तर? आमच्या शेजारच्यांचं डोकं त्याच दिशेने चालतं म्हणून विचारतो.

सर्व्हरवाले_अण्णा

बघितलं की बंद करेन. सगळंच कॉन्फिगमध्ये लिहिता येत नाही पाटील.

समुद्रापलीकडचा

लेक्टर्नच्या पुस्तकाचं काय ठरलं? आमचं पान लिहून तयार आहे.

सर्व्हरवाले_अण्णा

प्रत्येक टाउनला वेगळा लेक्टर्न देतो, क्रम मी हाताने फिरवेन जमेल तसा. पानात हे लिहायचंच : टॅक्स किती, रिकामे प्लॉट किती, कोण किती वाजता ऑनलाइन असतं. एलिट्रा मिळेल वगैरे लिहायचं नाही.

अर्धवट_बांधकाम

रिकामे प्लॉट शून्य लिहू का?

क्रीपरची_मावशी

तुमचा तो ऊस उपटा आता.

.पॉकेटपक्या

अण्णा लेक्टर्नवरचं पुस्तक मोबाईलवर उघडतं का गीझरमधून? आणि धर्मशाळेत बेड ठेवा, नवीन लोक झोपत नाहीत मग तिसऱ्या रात्रीनंतर फँटम (उडणारे राक्षस) येतात वरून.

सर्व्हरवाले_अण्णा

बेड ठेवतो. पुस्तकाचं आज रात्री माझ्या पुतण्याच्या फोनवरून तपासतो, तू ऑनलाइन असशील तर तूपण ये, टेस्ट सर्व्हरचा ॲड्रेस डीएम करतो.